स्टेंट नीट बसला का, हे आतून पाहिल्यावर कळतं

बोअरचं पाणी घटलं की हल्ली मराठवाड्यात आत कॅमेरा सोडून बघतात. हृदयाच्या रक्तवाहिनीतही असाच डोळा सोडता येतो, आणि अँजिओप्लास्टीच्या वेळी, म्हणजे अरुंद वाहिनी फुग्याने उघडून आत स्टेंट ही जाळीची नळी बसवताना, तो अनेकदा फार मोलाचा ठरतो.

बीड-हिंगोलीचा पेशंट संभाजीनगरला किंवा नांदेडला अँजिओग्राफी करून येतो, तेव्हा हातातल्या सीडीत असते ती डायची, म्हणजे वाहिनीत सोडलेल्या औषधी रंगाची, एक्स-रे सावली. पोकळी दिसते, भिंत दिसत नाही. भिंतीत चरबी किती, कॅल्शियम किती कडक, वाहिनीची खरी रुंदी किती, याचा अंदाजच करावा लागतो. हा अंदाज अर्ध्या मिलिमीटरने चुकला तरी महागात पडतो. 3 मिलिमीटरच्या जागी स्टेंट 2.5 मिलिमीटरच उघडला, तर रक्ताची वाट जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. अर्धवट उघडलेला स्टेंट पुन्हा आवळण्याचा किंवा त्यात गुठळी होण्याचा धोका जास्त.

आतून बघायच्या दोन पद्धती आहेत. आयव्हसमध्ये साधारण मिलिमीटरभर जाडीच्या नळीच्या टोकाशी सोनोग्राफीचं यंत्र असतं. ते भिंतीत खोलवर बघतं. ओसीटी प्रकाशाने बघते. तिचं चित्र कितीतरी बारीक, पण क्षणभर रक्त बाजूला सारायला सहसा जादा डाय सोडावा लागतो. मूत्रपिंडं कमजोर असतील, मधुमेहात ती बऱ्याचदा असतात, तर याचा विचार करावाच लागतो.

2023 मध्ये दक्षिण कोरियातल्या गुंतागुंतीचे ब्लॉकेज असलेल्या 1639 रुग्णांवरचा अभ्यास आला. सुमारे 2 वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, त्याच वाहिनीमुळे झटका किंवा तिच्यावर पुन्हा उपचार, यांपैकी काहीतरी घडलं ते नुसत्या अँजिओग्राफीच्या गटात 12.3 टक्के, आतून बघून केलेल्यांत 7.7 टक्के. त्याच वर्षीच्या ओसीटीच्या एका मोठ्या अभ्यासात मात्र स्टेंट जास्त उघडले, तरी एकूण परिणामात ठोस फरक दिसला नाही. म्हणून साध्या, छोट्या ब्लॉकेजसाठी माझा आग्रह नाही. डावी मुख्य वाहिनी, फाटा फुटतो तिथला अडथळा, लांबलचक किंवा कॅल्शियमने दगड झालेला ब्लॉकेज असेल, तर आहे. युरोपच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनाही गुंतागुंतीच्या ब्लॉकेजसाठी हेच सांगतात.

आपल्याकडे तर दुसऱ्यांदा कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) गाठायची म्हणजे अनेकांना गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि सोबतीला माणूस. ठरवून केलेली अँजिओप्लास्टी असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, 'आयव्हस किंवा ओसीटीची गरज आहे का, इथे सोय आहे का?' खर्च वाढतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होणार असतील, तर हा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेची मदत करणाऱ्या माणसाकडून) आधीच विचारून घ्या. झटका आलेला असताना मात्र या चौकशीत वेळ घालवू नका; आधी वाहिनी उघडू द्या.