मासेमारीचा बाण

मासेमारीचा बाण : धनुष्याने मासा वेधून तो दोरीने ओढून घेण्यासाठी वापरतात तो जड, बिनपिसांचा, काटेरी अणीचा बाण. मुंबईतले हौशी लोक या प्रकाराला ‘बोफिशिंग’च म्हणतात, तीरकामठ्याची मासेमारी म्हटले तरी अर्थ पोचतो. तिरंदाजीच्या बाणाशी याचे नाते दिसण्यापुरते आहे. कामाने तो गरीच्या, म्हणजे मासे धरायच्या आकड्याच्या, कुळातला. गरीला उलटा काटा असतो, तसा यालाही असतो. गरीला दोरी असते, तशी यालाही असते. धनुष्य फक्त ही गरी माशापर्यंत पोचवते. निवडीतल्या बहुतेक चुका तिरंदाजीच्या बाणाचे निकष इथे लावल्यामुळे होतात. तिथे हलका, वेगवान, पिसांनी तोललेला बाण चांगला. इथे तोच बाण कुचकामी ठरतो, आणि प्रसंगी सोडणाऱ्याच्याच जिवावर उठतो.

पाण्याचा हिशेब

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. पाण्यात शिरताच बाणाचा वेग झपाट्याने उतरतो आणि तीन-चार फुटांच्या पुढे माशाच्या खवल्यातून आरपार जाण्याइतका जोर उरत नाही. कोळी समुद्राची खोली वावात मोजतात आणि एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. म्हणजे या बाणाची सगळी करामत अर्ध्या वावात आटोपते. त्यामुळे पृष्ठभागाजवळ येणारा, उथळात चरणारा मासाच याच्या टप्प्यात असतो.

दुसरी अडचण दिसण्याची. पाण्यातून बाहेर पडताना प्रकाश वाकतो, त्यामुळे मासा असतो त्याहून वर भासतो. अगदी सरळ वरून पाहिले तर चार फूट खोल असलेला मासा तीन फुटांवर दिसतो. तिरके पाहावे तसा हा फरक वाढत जातो. बाण मात्र प्रकाशासारखा वाकत नाही, म्हणून नेम दिसणाऱ्या माशाच्या खाली धरावा लागतो. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा : मासा १० फूट अंतरावर आणि १ फूट खोल असेल तर ४ इंच खाली. अंतर किंवा खोली दुप्पट झाली की हे चार इंचही दुप्पट करायचे. द्रौपदी स्वयंवराच्या लोकप्रिय कथेतला अर्जुन पाण्यातले प्रतिबिंब पाहून वरचा मासा भेदतो. ती करामत परावर्तनाची होती. इथे गाठ अपवर्तनाशी आहे. अर्जुनाचा मासा पाण्यात नव्हता, हे त्याचे भाग्यच म्हणायचे.

नेम कितीही पक्का असला तरी दांडा आणि अणी चुकीची असेल तर मासा हातात येत नाही. पाण्याच्या या दोन गुणांना पुरून उरणारा बाण कसा असतो, ते आता पाहू.

दांडा

सर्वांत रुळलेला दांडा भरीव फायबरग्लासचा. लांबी सहसा ३२ इंच, जाडी ५/१६ इंच, म्हणजे जवळपास ८ मिलिमीटर. अणी बसवल्यावर वजन साधारण १,३०० ते १,५०० ग्रेन भरते. बाणांचे वजन जगभर ग्रेनमध्येच सांगतात आणि एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन येतात. म्हणजे हा बाण ८४ ते ९७ ग्रॅमचा झाला. जमिनीवरच्या शिकारीचा पोकळ कार्बन बाण ४०० ग्रेनच्या आसपास, म्हणजे २६ ग्रॅम. एकाच धनुष्यातून सोडले तर जड बाण हळू निघतो खरा, पण धनुष्याची जास्त ताकद स्वतःत सामावून घेतो आणि पाण्यात ती लवकर सोडत नाही. हलका बाण पाण्यावर आपटून अडखळतो. जड बाण घुसतो.

फायबरग्लास स्वस्त आहे, लवचीक आहे, आणि तळाच्या दगडावर आदळला तरी सहज तुटत नाही. त्याचा दोष म्हणजे त्याचे बारीक तंतू. दांडा चिरला की हे काचतंतू सुटतात, त्वचेत शिरतात आणि दिवसभर खाजवत बसावे लागते. म्हणून जुना दांडा कधीही उघड्या हाताने चाचपू नये. त्यावरून कापसाचा बोळा फिरवावा. जिथे कापूस अडकतो तिथे चीर असते, आणि असा दांडा बाद करावा.

धनुष्य जोरकस असेल, विशेषतः चाके असलेले कंपाउंड धनुष्य, तर नुसते फायबरग्लास सुटताना फार वाकते. अशा वेळी कार्बन आणि फायबरग्लास एकत्र असलेला ताठ दांडा घेतात. पोकळ ॲल्युमिनियम टाळावे. एकदा वाकले की ते आपोआप सरळ होत नाही. ३० ते ५० पौंड ताणाच्या साध्या धनुष्याला भरीव फायबरग्लास पुरेसे असते. पहिलाच बाण घेणाऱ्याने त्याहून महाग काही घेण्यात अर्थ नाही, कारण पहिल्या काही दिवसांत दोन-तीन बाण गाळात किंवा दगडाच्या फटीत हरवतातच.

पिसे नसतात. अंतर पाच-दहा मीटरचे, त्यात मागे ओढली जाणारी दोरीच बाणाला सरळ ठेवते. पिसे लावली तर पाण्यात रोध वाढतो, एवढेच.

दोरी आणि सरकती कडी

या बाणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग अणी नव्हे, दोरीची सरकती कडी. पूर्वी दोरी दांड्याच्या मागच्या टोकाजवळच्या भोकात ओवून बांधत. मग बाण खेचून धरला की दोरीही प्रत्यंचेजवळ येई. ती प्रत्यंचेत किंवा धनुष्याच्या एखाद्या भागात अडकली आणि बाण सुटला की दोरी ताणून जाई आणि अर्ध्या वाटेवरून बाण उलटा सोडणाऱ्याच्या तोंडाकडे येई. काटेरी अणी असलेला शंभर ग्रॅमचा दांडा चेहऱ्याकडे येताना हात वर करायलाही वेळ मिळत नाही.

यावर उपाय म्हणून ‘सेफ्टी स्लाइड’ आली. ही दांड्यावर मागेपुढे सरकणारी लहानशी कडी. दोरी तिलाच बांधायची. बाण पूर्ण खेचला तरी कडी धनुष्याच्या पुढेच राहते, म्हणून दोरी प्रत्यंचेपर्यंत जातच नाही. बाण सुटला की कडी दांड्यावरून मागे घसरते, टोकाजवळच्या अडसराला टेकते आणि दोरी मागून ओढली जाऊ लागते. बाण विकत घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा : कडी आहे का, आणि ती मोकळी सरकते का? कडी नसलेला बाण कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. घरातल्या जुन्या शिकारी बाणाला भोक पाडून दोरी बांधण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. तो बाण याहून हलका असतो आणि भोकाजवळच तुटतो.

दोरी विणलेली, बहुधा २०० पौंड ताकदीची असते. एवढी जाड दोरी वापरण्याचे कारण मासा एवढा जोरकस असतो हे नव्हे. गाळात रुतलेला बाण उपटायला ती लागते. दोरी गुंडाळण्यासाठी धनुष्यावर रीळ असते. बाटलीच्या आकाराच्या रिळातून ती विनाअडथळा सुटते. गळाच्या रिळासारखी रीळ वापरली तर बाण सोडण्यापूर्वी तिचे बटण दाबायचे राहून जाते, आणि तेही अपघाताचेच कारण ठरते.

अणी आणि काटे

अणीचे काम दोन टप्प्यांचे : आत जाणे, मग बाहेर न येणे. गरीचा उलटा काटा तोंडात रुततो. या बाणाचे काटे माशाच्या पलीकडे जाऊन उघडतात. चिलापीसारख्या (तिलापिया) मऊ, लहान माशाला दोन आखूड काट्यांची बारीक अणी बरी. मोठे काटे तिचे मांस फाडून सुटतात. सायप्रिनस (कॉमन कार्प) किंवा गवत्या मासा जाड खवल्यांचा, तिथे लांब काटे लागतात. पाकटासारख्या रुंद, सपाट माशाला तीन काट्यांची पसरट अणी लागते. अमेरिकेच्या किनाऱ्यांवर पाकटाच्या जातभाईंची अशी शिकार चालते.

चांगल्या अणीची खूण म्हणजे काटे उलटवण्याची सोय. टोक एक-दोन आटे सैल केले की काटे पुढच्या बाजूला झुकतात आणि बाण ओढून मोकळा करता येतो. ही सोय नसेल तर प्रत्येक मासा कापून बाण काढावा लागतो, आणि निसरड्या नावेत सुरी चालवताना मासा सोडून हातच कापला जातो. टोक वेगळे बदलता येत असेल तर उत्तमच, कारण खडकावर दोन-चार नेम चुकले की टोक बोथट होते आणि मग बाण खवल्यावरून घसरतो.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत साध्या पोलादाचे काटे एका आठवड्यात गंजून जाम होतात. काटे स्टेनलेस पोलादाचे असावेत आणि वापरानंतर बाण गोड्या पाण्याने धुऊन, कडी आणि काटे हलवून, कोरडा करून ठेवावा.

मुंबईच्या पाण्यात

अंदमानातले जारवा लोक उथळ, नितळ पाण्यात आजही धनुष्यबाणाने मासे मारतात. नितळ पाणी ही या पद्धतीची पहिली गरज, आणि मुंबईत नेमके तेच नाही. इथला किनारा गाळाचा आणि खाड्या गढूळ. उधाणाच्या दिवसांत तळ ढवळला की वीतभर खालीही काही दिसत नाही; भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी जरा संथ होते, तेव्हा बोय मासे पृष्ठभागाजवळ दिसतात. कोळ्यांनी डोल जाळे, पाग (हाताने फेकायचे जाळे) आणि गरी ही साधने घडवली त्यामागे हेच पाणी आहे. डोल जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. त्यासाठी मासा दिसावा लागत नाही. वरळी, वेसावे किंवा खारदांड्याच्या कोळ्याला तीरकामठ्याचे कौतुक वाटेल, पण पोट त्यावर भरता येत नाही.

जागाही फारशी नाही. विहार आणि तुळशी हे तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात. तिथे बाण काढणेच गुन्हा आहे. पवई तलावात सुसरी नव्हे, मगरी आहेत, आणि काठावर माणसांची वर्दळ. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो भाग २०१५ पासून अभयारण्य आहे. समुद्रात व्हेल शार्क आणि करवत मासा यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. गरीला लागलेला मासा परत सोडता येतो. बाण लागलेला सोडता येत नाही, म्हणून ओळख न पटलेल्या माशावर बाण सोडूच नये. अमेरिकेतही ही पद्धत मुख्यतः नको असलेल्या जातींवर वापरतात. इलिनॉय नदीत होडीच्या आवाजाने उसळ्या मारणारे सिल्व्हर कार्प तर हवेतच टिपतात.

धरणांमधली मासेमारी शासन सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देते आणि संस्था त्यात बोटुकली (बोटभर वाढलेली माशांची पिल्ले) सोडते. तिथला मासा कुणाचा तरी असतो. तेव्हा मुंबईच्या हौशी माणसाला उरते ते कर्जत-मुरबाडकडचे एखाद्या ओळखीच्याचे शेततळे. चिलापी तिथे भरमसाट वाढतात, पाणी उथळ आणि बऱ्यापैकी स्वच्छ असते, मालकही सहज होकार देईल. फक्त बाण सोडण्यापूर्वी त्याला विचारावे की तळ्याला प्लास्टिकचे अस्तर आहे का. अनेक शेततळ्यांना ते असते, जाडी साधारण ५०० मायक्रॉन, आणि मासा चुकवून तळात रुतलेला एक बाण त्याला भोक पाडायला पुरेसा असतो.