सिंहगड उतरल्यावर मांड्या का दुखतात? एका जुन्या समजुतीची पार्श्वभूमी

थंडी पडली की शनिवार-रविवारी पहाटे सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर गर्दी वाढते. पहिल्यांदाच गड केलेल्यांची तक्रार मात्र सोमवारपासून सुरू होते. जिना उतरताना कठडा धरावा लागतो, जमिनीवर मांडी घालून बसलं तर उठवत नाही. जिममध्ये असो की ग्राउंडवर, यावर उत्तर ठरलेलं: ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय, जाईल दोन दिवसांत.’ दुखणं दोन-तीन दिवसांत जातं हे खरं. पण कारण चुकीचं सांगितलं जातं आणि त्यापायी उपायही भलतेच केले जातात.

ही समजूत आली कुठून? लॅक्टिक ॲसिड म्हणजे मेहनत करताना स्नायूंत तयार होणारं आम्ल. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांना 1807 मध्ये शिकारीत दमलेल्या हरणांच्या स्नायूंत हे आम्ल सापडलं. शंभर वर्षांनी, 1907 मध्ये, इंग्लंडमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. स्नायू थकत जातो तसं आम्ल वाढतं आणि प्राणवायू मिळाला की कमी होतं, असं त्यांना दिसलं. पुढे स्नायूंवरच्या कामासाठी हिल आणि मायरहोफ या शास्त्रज्ञांना 1922 सालचं नोबेल मिळालं. थकवा आणि आम्ल ही जोडी लोकांच्या मनात पक्की बसली आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणंही आम्लाच्याच नावावर लागलं.

खरं तर त्याआधीच, 1902 मध्ये, थिओडोर हॉग या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने नेमकं सांगून ठेवलं होतं. सराव नसलेला स्नायू जोरकस स्प्रिंगविरुद्ध राबवला की नंतर जे दुखतं ते निव्वळ थकव्याचं नसतं, आतल्या बारीक फाटण्याचं असावं, असं त्याचं म्हणणं होतं. ते मागे पडलं. निकाल लागला 1983 मध्ये. एका प्रयोगात काहींना सपाट ट्रेडमिलवर आणि काहींना उतारावर पळवलं. सपाटीवाल्यांच्या रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढलं, पण ते दुखण्याने हैराण झाले नाहीत. उतारावाल्यांचं आम्ल वाढलंच नाही, अंग मात्र त्यांचंच आंबलं. शिवाय व्यायाम थांबल्यावर तासाभरात हे आम्ल पूर्ववत होतं. दुखणं शिगेला पोचतं ते 24 ते 72 तासांत.

गड उतरणाऱ्याच्या पायाकडे नीट पाहिलं तर सगळं उलगडतं. पुढचा पाय खालच्या दगडावर टेकेपर्यंत मागचा गुडघा वाकत जातो. त्या वेळी मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबताच अख्ख्या शरीराचा भार सावरत असतो. या ताणात त्याचे सूक्ष्म धागे विस्कटतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1981 मध्ये जिने उतरायला लावलेल्या माणसांच्या स्नायूंचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ही विस्कट डोळ्यांनी दिसली. मग दुरुस्तीसाठी सूज येते, तिथल्या नसा हळव्या होतात आणि पाय बोलायला लागतात. चढताना दम लागतो, पण दुखणं देतो तो उतार.

आता उपाय. पुण्याच्या पेठांतल्या तालमींना हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण रीत ठाऊक होती. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका मारायला लावत नाही, आकडा हळूहळू चढवतो. मेहनत झाली की पोरं एकमेकांचं अंग रगडतात, तेल-ताक-हळद घालून मळलेली हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, लाल माती अंगाला चोळतात. त्याहून जुना दाखला वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात आहे: व्यायाम अर्ध्या ताकदीनेच करावा आणि झाल्यावर सर्वांग सुख वाटेल असं मर्दन करावं. 2018 मध्ये 99 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा या दुखण्यावर सर्वांत गुणकारी मालीशच दिसली. मला हे फार मोलाचं वाटतं.

1983 मध्येच पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. व्यायाम तालमीबाहेर, रस्त्यावर आला, पण वस्ताद आणि मालीश मागे राहिले. त्यांची जागा बर्फाने आणि स्प्रेने घेतली. बर्फाचा प्रचार करणारं ‘राइस’ सूत्र (विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि दुखरा भाग उंच ठेवणं) 1978 मध्ये अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी दिलं, तेही दुखापतीसाठी. बर्फाने दुरुस्ती लांबू शकते, असं पुढे त्यांनी स्वतःच मान्य केलं. गार पाण्यात बसल्याने दुखणं थोडं कमी होतं, पण वजनं उचलून ताकद वाढवू पाहणाऱ्याने दर व्यायामानंतर तसं केलं तर स्नायूंची वाढ मंदावते, असं 2015 च्या एका अभ्यासात दिसलं. स्ट्रेचिंगने या दुखण्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

दुसऱ्या दिवशी पडून राहण्यापेक्षा सपाटीवर हलकं चालावं, गरम पाण्याने अंघोळ करावी, हलक्या हाताने तेल लावावं. एकदा दुखून गेलेल्या मांड्या पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला खूप कमी दुखतात. म्हणून पहिल्यांदा सिंहगडाला जाण्याआधी दोन-तीन आठवडे पर्वतीच्या पायऱ्या चढाव्यात आणि सावकाश उतराव्यात. मात्र लघवी कोलासारखी गडद झाली, स्नायू टणक सुजले किंवा पायात जोरच राहिला नाही, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. अशा वेळी स्नायू मोठ्या प्रमाणात मोडून त्याचा भार किडनीवर पडलेला असू शकतो.