नारिंगी की शेंदूर? जुन्या स्टेशनपाटीचा खरा रंग कसा ओळखावा

ब्रिटनमधल्या जुन्या स्थानकांचे कृष्णधवल फोटो हल्ली संगणकाकडून रंगवून घेतात, आणि त्यातल्या पाटीचा रंग पुरावा समजून पाटी पुन्हा रंगवायला थेट रंगाचा डबा मागवला जातो. मुळात ती माहिती फोटोत नसतेच. पूर्वीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश दिसत नसे. त्यामुळे मरून पाटी काळीठिक्कर आणि निळी फिकट उमटे. नंतरच्या, सगळे रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक फिल्मवर नारिंगी आणि निळा एकाच करड्या छटेत उतरू शकतात. संगणक तिथे अंदाज करतो, आणि तो अंदाज फार आत्मविश्वासाने मांडतो.

१ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. तिचे सहा विभाग पडले आणि पुढे प्रत्येकाच्या पाट्यांना आपला रंग मिळाला: सदर्न हिरवा, वेस्टर्न चॉकलेटी, लंडन मिडलंड मरून, ईस्टर्न गडद निळा, नॉर्थ ईस्टर्न नारिंगी, स्कॉटिश फिकट निळा. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून पांढऱ्यावर काळी अक्षरे आली आणि हे वैविध्य ओसरले.

यातल्या एनॅमलच्या पाट्यांची चिंता कमी. तो रंग म्हणजे पोलादी पत्र्यावर सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळवून बसवलेली काच. कडेला टवका उडून गंज शिरतो, पण धुतल्यावर उरलेला रंग बहुतेक मूळचाच असतो. खरे कोडे तेलरंगाच्या पाट्यांचे.

त्या काळचे अनेक गडद हिरवे रंग दोन रंगद्रव्यांच्या मिश्रणातून होत: क्रोम यलो, म्हणजे लेड क्रोमेट, आणि प्रशियन ब्लू, म्हणजे लोह आणि सायनाइड यांचे संयुग. जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा लावला, की प्रशियन ब्लू अल्कलीत फुटतो. फेरोसायनाइड पाण्यात विरघळून जाते आणि मागे फेरिक हायड्रॉक्साइड राहते, ज्याचा रंग गंजासारखा तपकिरी. त्याच वेळी लेड क्रोमेटचे बेसिक लेड क्रोमेट होते आणि पिवळा नारिंगीकडे झुकतो. पाटी हिरवी होती, हाती येतो मातकट तपकिरी, आणि सदर्नची पाटी वेस्टर्नच्या खात्यात जमा होते! म्हणून नमुना घेण्याआधी कॉस्टिकला हात लावू नये. एकदा फुटलेला निळा परत येत नाही.

दुसरी फसगत तेलाची. अळशीचे तेल अंधारात पिवळे पडते आणि उजेडात पुन्हा उजळते. वरच्या थरांखाली दडलेला निळा त्यामुळे हिरवट दिसतो. उघडा केलेला नमुना खिडकीच्या उजेडात दोन-तीन आठवडे ठेवावा, मगच जुळवणी करावी. उन्हापावसात राहिलेल्या थराचे उलटे होते: तेल झिजते, रंगद्रव्याची भुकटी उघडी पडते, प्रकाश विखुरतो आणि रंग पांढुरका दिसतो. त्यावर व्हाइट स्पिरिटचा, म्हणजे तेलरंग पातळ करायच्या द्रावकाचा, थेंब टाकला की क्षणभर मूळ गडदपणा परततो.

नमुना फळीच्या मधोमध घेऊ नये. चौकटीच्या पट्टीखाली, स्क्रूच्या डोक्याखाली किंवा वेगळे बसवलेले अक्षर असेल तर त्याच्या मागे शोधावे. दोन-तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात ६००, १२०० आणि शेवटी २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह फिरवला, की थर झाडाच्या वलयांसारखे उघडतात. कोरडे घासू नये, कारण या रंगांत शिसे असते. शिवाय स्कालपेलने लाकडापर्यंत पोचणारा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा काढून पारदर्शक रेझिनमध्ये बसवावा, घासून गुळगुळीत करावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली १०० ते २०० पट मोठा करून पाहावा.

यात शोधायची ती मळाची काळी रेघ. प्रायमर, अस्तर आणि वरचा हात काही दिवसांच्या अंतराने चढतात, त्यांच्यात धूळ बसायला वेळ नसतो. वर्षानुवर्षे उघडा राहिलेल्या शेवटच्या थरावर मात्र काजळी साचते. ही रेघ जिच्यावर आहे तीच प्रवाशांना दिसलेली छटा. लोखंडी पाटीच्या तळाशी भडक नारिंगी सापडला की नॉर्थ ईस्टर्नची पाटी मिळाल्याचा आनंद होतो. पण तो धातूला थेट चिकटलेला असेल आणि त्याच्यावर मळाची रेघ नसेल, तर तो गंज रोखणारा शेंदराचा प्रायमर असण्याची शक्यता जास्त. व्हार्निशही तपासावे: ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली जुने राळेचे व्हार्निश सहसा चमकते. त्याची पिवळट झाक रंगात मिसळून मोजू नये.

शेवटी जुळवणी. नवा रंग वेगळ्या रंगद्रव्यांनी बनतो, त्यामुळे परावर्तनाचा आलेख जुन्यापेक्षा निराळा असतो. दिवसाच्या उजेडात तंतोतंत जुळलेले दोन तुकडे पिवळ्या बल्बखाली वेगळे दिसू शकतात. तेव्हा दोन्ही प्रकाशांत पाहावे. चकाकीही सारखी हवी, कारण तोच रंग मॅट असला की फिकट वाटतो. नव्या रंगाची नमुनापट्टी तळहातावर धरून न पाहता फळीसारखी उभी ठेवावी आणि चार-पाच मीटर मागे सरून पाहावी.