वेळ कामाखाली लिहायचा की वेगळ्या वहीत? ऑर्ग मोडच्या वेळनोंदीची पार्श्वभूमी

वेळ मोजण्याची सुरुवात मालकाच्या बाजूने झाली. १८८०च्या दशकात अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यात कामगाराशेजारी स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा राहिला, आणि एकेका कामाला लागलेला वेळ लिहायचे जॉब कार्ड पुढे त्याच वळणाने आले. स्वतःच्या कामाचा वेळ स्वतःसाठी नोंदवण्याची साधने फार उशिरा मिळाली. १९९६च्या पाम पायलट या हातात मावणाऱ्या यंत्रात तारीखवही, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे होती. काम झाले की बरोबरची खूण करायची, पण त्याला किती वेळ लागला यासाठी जागाच नव्हती.

ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामच्या (टेक्स्ट एडिटरच्या) २१व्या आवृत्तीत, म्हणजे २००१ साली, टाइमक्लॉक नावाची सोय आली. तिची रीत हजेरीपटाची होती. एक वेगळी फाइल, काम सुरू केले की एक ओळ, थांबवले की दुसरी, आणि जुन्या ओळीला पुन्हा हात लावायचा नाही. ऑर्ग मोड, म्हणजे साध्या मजकूर फाइलीत शीर्षकांखाली कामे आणि टिपणे ठेवण्याची ईमॅक्समधली सोय, २००३ साली सुरू झाला आणि २००७च्या २२व्या आवृत्तीपासून ईमॅक्सबरोबरच मिळू लागला. त्याने वेळेची ओळ थेट कामाच्या शीर्षकाखाली लिहायचे ठरवले: चौकोनी कंसात सुरुवात, दोन आडव्या रेघा, चौकोनी कंसात शेवट आणि बाणापुढे कालावधी. ओळी वाढल्या की मजकूर वाचवेना, म्हणून त्या ‘लॉगबुक’ नावाच्या मिटवता येणाऱ्या ड्रॉवरमध्ये गेल्या. २०१६ साली आलेला टाइमवॉरियर हा वेळ नोंदवणारा प्रोग्राम पुन्हा वेगळ्या वहीकडे वळला. त्यात महिन्याला एक फाइल असते आणि कामाची ओळख मुख्यतः टॅगने पटते.

वाद आहे तो इथेच. बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात तासांवर बिल करणाऱ्यांना तो रोज भेटतो, मग ते कन्नड उतारे आणि कोर्टाची कागदपत्रे मराठीत करून देणारे असोत, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांसाठी पॅटर्नची ड्रॉइंग काढणारे असोत, की पुण्या-बेंगळुरूचे काम घरी बसून करणारे असोत. वेळ कामाखाली लिहिल्याचा फायदा खरोखर मोठा आहे. अंदाज, मजकूर, अडचणी आणि लागलेला वेळ एकाच जागी दिसतात. ‘एफर्ट’ या अंदाजाच्या रकान्यात तीन तास लिहिले आणि लॉगबुकात पाच भरले, तर का भरले हे त्याच शीर्षकाखालच्या टिपणात सापडते. पुढच्या वेळी दर सांगताना उपयोगी पडते ते हेच, आणि वेगळ्या वहीत ते कधीच मिळत नाही.

पण हिशेबाच्या दृष्टीने ही रचना सैल आहे. शीर्षक पुसले की त्याखालचे तासही जातात. मार्चमधले काम एप्रिलमध्ये दुसऱ्या ग्राहकाच्या शीर्षकाखाली हलवले, की मार्चचा अहवाल नव्याने काढताना तास त्या दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर पडतात. पूर्ण झालेले काम अर्काइव्ह केले, तर ते वेगळ्या फाइलमध्ये जाते आणि साध्या क्लॉकटेबलमधून, म्हणजे ऑर्गने काढलेल्या तासांच्या तक्त्यातून, गळते. ते धरण्यासाठी टेबलाच्या ‘स्कोप’मध्ये (कोणत्या फाइली मोजायच्या त्यात) ‘फाइल-विथ-अर्काइव्ह्ज’ लिहावे लागते. म्हणून बिल पाठवल्या दिवशीच टेबलाच्या वरची ‘बिगिन’ आणि खालची ‘एंड’ ही ओळ काढून टाकावी. मग ते साधे टेबल होते आणि पुन्हा मोजले जात नाही. जीएसटी आल्यापासून याला जास्तच महत्त्व आले आहे. कोल्हापूर-इचलकरंजीच्या, म्हणजे राज्याबाहेरच्या, नोंदणीकृत ग्राहकाला आयजीएसटी आणि बेळगावातल्याला सीजीएसटी-एसजीएसटी लागतो, त्यामुळे तास एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे सरकले की कराचा रकानाही चुकतो. दोन्हीकडच्या ग्राहकांना सुरुवातीपासून वेगळे टॅग देऊन ‘मॅच’ने (टॅगनुसार निवड करून) दोन टेबले काढणे सोपे पडते.

टेबलाच्या बेरजेत आणखी एक खाच आहे. मूळ मांडणीत चोवीस तासांचा एक दिवस धरतात, त्यामुळे तीस तासांचे काम ‘एक दिवस, सहा तास’ असे दिसते. आठ तासांचा दिवस धरून वाचणाऱ्या ग्राहकाला ते चौदा तास वाटतात. ‘ऑर्ग-ड्युरेशन-फॉरमॅट’ या सेटिंगला फक्त तास-मिनिटांचे रूप दिले की हा घोळ संपतो.

घड्याळ सुरू करायला कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आय आणि थांबवायला शेवटच्या आयऐवजी ओ. सुरुवातीची ओळ पडद्यावर लगेच दिसते, पण फाइल सेव्ह होईपर्यंत ती डिस्कवर नसते. तेवढ्यात करंट गेला आणि यूपीएस नसला, तर ऑटोसेव्हने जे धरले असेल तेवढेच ‘रिकव्हर-फाइल’ने परत मिळते. ‘ऑर्ग-क्लॉक-इन-हुक’मध्ये (घड्याळ सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीत) सगळ्या ऑर्ग फाइली सेव्ह करणारी आज्ञा घातली की हा धोका टळतो. ओळ वाचली आणि शेवट लिहायचा राहिला असेल, तर पुढचे घड्याळ सुरू करताना ऑर्ग ती अर्धी नोंद दाखवतो आणि ठेवायची, वजा करायची की रद्द करायची ते विचारतो. मात्र तो अजेंड्यातल्या (ऑर्गला नेमून दिलेल्या यादीतल्या) आणि त्या वेळी उघड्या असलेल्या फाइलीच तपासतो. अजेंड्याबाहेरच्या, बंद असलेल्या फाइलीतली अर्धी नोंद तशीच पडून राहते.

रिकामा वेळ ओळखण्याची सोय नंतर जोडली गेली. ‘ऑर्ग-क्लॉक-आयडल-टाइम’मध्ये मिनिटे द्यायची. विंडोजवर ती फक्त ईमॅक्समधली हालचाल पाहते. शेजारच्या खिडकीत स्कॅन केलेला उतारा वाचत बसलात, तर तो वेळही रिकामा धरला जातो. अनुवादकांनी इथे दहा मिनिटे न ठेवता तीस ठेवावीत.

मशीन शॉपसाठी मात्र ही रचना मुळातच तोकडी आहे. ऑर्ग काय किंवा टाइमवॉरियर काय, एका वेळी एकच घड्याळ चालते. दुसरे सुरू केले की पहिले बंद होते. एकच ऑपरेटर दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन सांभाळत असेल तर माणसाचे तास आणि मशीनचे तास जुळत नाहीत, आणि दर तर मशीनच्या तासावर ठरतो. तिथे सेटिंगचा वेळ ऑर्गमध्ये आणि सायकल टाइम (एका नगाला मशीनला लागणारा वेळ) जॉब कार्डावर ठेवणे बरे.

हाताने दुरुस्ती करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वेळ बदलला तरी बाणापुढचा आकडा आपोआप बदलत नाही. त्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबावे लागते. टेबल बेरीज कंसातल्या वेळांवरून करते, त्यामुळे बेरीज बरोबर येते, पण ओळ वाचणारा फसतो. दुसरी गोष्ट मराठी कीबोर्डची. वाराचे नाव ‘सोम’ असे देवनागरीत असले तरी चालते. आकडे मात्र इंग्रजीच लागतात. देवनागरी आकड्यांत लिहिलेली ओळ ऑर्गला वेळेची ओळ वाटतच नाही, आणि ती बेरजेत धरली जात नाही. महिनाअखेरीला लॉगबुकांत देवनागरी अंक शोधून पाहिले, तर अहवालात कमी पडलेले तास अनेकदा तिथेच सापडतात.