जनगणनेत ‘काम करणारा’ कोण? एका व्याख्येची पार्श्वभूमी

१९६१च्या जनगणनेत देशात काम करणाऱ्या स्त्रिया ५.९४ कोटी भरल्या. दहा वर्षांनी त्या ३.१३ कोटींवर आल्या. मधल्या काळात लोकसंख्या ४३.९ कोटींवरून ५४.८ कोटींवर गेली आणि काम करणारे पुरुष दोन कोटींनी वाढले. मग या बायका गेल्या कुठे? याचं उत्तर शेतात सापडत नाही, प्रगणकाच्या हातातल्या चिठ्ठीवर सापडतं.

इंग्रजी अमदानीतल्या खानेसुमारीचा भर धंद्यांची यादी करण्यावर होता. १९०१ साली धंद्यांचे ५२० गट पाडले होते. ते आवरेनात म्हणून १९११ला एका फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाची पद्धत घेऊन गट १६९वर आणले. माणसाचे ‘प्रत्यक्ष काम करणारा’ आणि ‘अवलंबून असणारा’ असे दोनच प्रकार होते. १९३१ला त्यांच्या मध्ये ‘काम करणारा अवलंबित’ हा तिसरा आला. १९४१ची गणती युद्धात सापडली आणि तिच्या तक्त्यांना मोठी कात्री लागली. १९५१ला कसोटी उत्पन्नाची होती. स्वतःपुरतं कमावणारा, थोडं कमावणारा अवलंबित आणि काहीच न कमावणारा अवलंबित, असे तीन दर्जे. घरच्याच रानात राबणाऱ्या बाईच्या हातात वेगळा पैसा येत नाही, त्यामुळे ती सहज शेवटच्या दर्जात जायची.

१९६१ला ही कसोटी सोडून ‘काम’ हाच आधार धरला. शेतीसारख्या हंगामी कामात हंगामाचा बहुतेक काळ रोज तासाभराहून अधिक नियमित काम केलं, की माणूस काम करणाऱ्यांत धरायचा. ते बिनपैशाचं, घरच्याच शेतावरचं असलं तरी चालायचं. खुरपणी, कापूस वेचणी, राखण, खळ्यावरची कामं करणाऱ्या बायका या नियमाने आत आल्या.

पुढच्या गणतीआधी तक्रार झाली की ही चाळण फार सैल आहे, तासभर शेतात जाऊन आलेलीही कामगार ठरते आणि आकडा फुगतो. म्हणून १९७१ला प्रश्नच फिरवला. आधी विचारायचं, ‘तुमचं मुख्य कामकाज काय?’ उत्तर ‘घरकाम’ आलं की त्यासाठी ठरवलेलं खुणेचं अक्षर चिठ्ठीवर लिहायचं आणि बाई काम न करणाऱ्यांच्या खात्यात. ती शेतावरही जात असेल तर त्याची नोंद दुय्यम कामाच्या वेगळ्या रकान्यात करायची, पण काम करणाऱ्यांच्या मूळ आकड्यात तिला जागा नाही.

कागदावर हे सरळ दिसतं. दारात काय होतं ते बघा. प्रगणक ओट्यावर टेकतो, घरचा पुरुष माहिती सांगतो. “बाई काय करतात?” “काय करणार, घरीच असते.” बाई त्या वेळी रानात असली तरी उत्तर हेच! त्यातून ‘मुख्य’ हा शब्द वेळेने ठरवायचा, पैशाने की सांगणाऱ्याच्या मानाने? पहाटे धार काढून, भाकऱ्या थापून, दिवसभर रानात काढून संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसणाऱ्या बाईचं मुख्य काम कोणतं, हे तिला स्वतःला विचारलं तरी ती पटकन ‘घरचंच’ म्हणेल. पुरुषाच्या बाबतीत ही अडचण येत नाही. तो आजारी गुरासाठी चार दिवस घरी बसला तरी शेतकरीच राहतो.

एकूण काम करणारे १८.८७ कोटींवरून १८.०४ कोटींवर उतरल्यावर हे आकडे ताडून बघायला आर्थिक प्रश्नांची फेरपाहणी करावी लागली. नव्या पद्धतीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, १९६१चाच आकडा फुगलेला होता. त्यात तथ्य आहे. पण फुगवटा काढताना जवळपास निम्म्या बायकाच का गळल्या, याला त्यांच्याकडे धड उत्तर नाही. त्या दशकात शेतीत यंत्रं येऊन बायकांची कामं गेली, असे निष्कर्ष या दोन आकड्यांवरून काढलेले वाचले की कपाळाला हात लावावा लागतो.

१९८१ला मधला मार्ग निघाला. ‘गेल्या वर्षभरात कधीही काम केलं का?’ हा प्रश्न आधी आला. सहा महिने, म्हणजे १८३ दिवस किंवा जास्त काम केलेला तो ‘मुख्य’, त्याहून कमी केलेला ‘सीमांतिक’. ‘सीमांतिक’ हा आपल्या भाषेत कोणी न बोलणारा शब्द तेव्हापासून तक्त्यात ठाण मांडून आहे, आणि त्या रकान्यात बहुतांश बायकाच होत्या. १९९१ला प्रश्नाला कंस जोडला गेला: शेतावर किंवा घरच्या उद्योगात बिनमोबदला केलेलं काम धरून. कंसासाठी स्त्रियांच्या संघटनांनी आग्रह धरला होता. २००१ला घरी खाण्यापुरती शेती आणि घरच्यापुरतं दूधही कामात आलं. स्वयंपाक, पाणी आणि सरपण मात्र बाहेरच राहिलं. २०११ला सीमांतिकांचेही दोन भाग झाले, तीन ते सहा महिन्यांचे आणि तीन महिन्यांहून कमी काम असलेले.

धंद्यांचे नऊ गट २००१ला चारवर आले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि ‘इतर’. यात एक गंमत आहे. आंब्याची बाग असलेला कोकणातला माणूस या हिशेबात शेतकरी, तर फक्त नारळ-सुपारीची वाडी असलेला शेजारी ‘इतर’, कारण चहा, कॉफी आणि रबराच्या पंक्तीला नारळ-सुपारीही बसवली आहे. घरी बसून बिड्या वळणारी बाई घरगुती उद्योगात मोडते.

शेतकरी जमीन गमावून मजूर होत चालले, हे दाखवायला शेतकरी आणि शेतमजूर यांचे आकडे हल्ली सर्रास दिले जातात. २००१ला शेतकरी १२.७३ कोटी आणि शेतमजूर १०.६८ कोटी होते, २०११ला ते अनुक्रमे ११.८८ आणि १४.४३ कोटी झाले. तुकडे पडून जमिनी अपुऱ्या झाल्या हे खरंच आहे. पण याच दहा वर्षांत सीमांतिक काम करणारे ८.९२ कोटींवरून ११.९३ कोटींवर गेले, आणि शेतकरी-शेतमजुरांचे वरचे आकडे या सीमांतिकांना धरून आहेत. म्हणजे नुसत्या या आकड्यांवरून तो निष्कर्ष काढता येत नाही. २०२१ची गणती पुढे ढकलली गेली. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे, आणि या वेळी नोंद मोबाइलवर होणार आहे. दारातला प्रश्न मात्र प्रगणकाला तोंडानेच विचारावा लागेल.