कॅपखालचे दोन मिलिमीटर

रूट कॅनाल संपत आलं की डॉक्टर सांगतात, ‘आता कॅप बसवून घ्या.’ मग घरी खल सुरू होतो: मेटलची, सिरॅमिकची की झिरकोनियाची? वॉरंटी किती वर्षांची? खालचा दात किती उरलाय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. कॅपचं आयुष्य ठरतं ते बरंचसं त्यावरच.

रूट कॅनाल केलेला दात आतून वाळतो आणि म्हणून फुटतो, असं सर्रास ऐकायला मिळतं. त्यात फारसं तथ्य नाही. १९८९ मध्ये संशोधकांनी तोंडातून काढलेल्या उपदाढांवर (सुळ्यामागच्या लहान दाढांवर) दाब देऊन त्यांचा ताठपणा मोजला. नुसत्या रूट कॅनालने तो ५ टक्क्यांच्या आसपास घटला. पण दोन्ही शेजारच्या दातांकडच्या कडा कापणारा मोठा खड्डा केल्यावर ६० टक्क्यांहून जास्त. म्हणजे दाढ खिळखिळी करते ती कीड, आणि कीड काढताना गेलेल्या भिंती. उरलेल्या भिंती सुपारी फोडताना बाहेरच्या बाजूला वाकत राहतात. एक दिवस उभी चीर मुळापर्यंत गेली, की दाढ काढण्यावाचून इलाज राहत नाही.

कॅप या भिंतींना बाहेरून आवळून धरते, बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी धावेसारखी. पण आवळायला आत काही हवं ना! हिरडीच्या वर सगळीकडून निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीची निरोगी दाताची पट्टी उरली असेल, तर कॅपची कड तिला धरते आणि चावण्याचा जोर सगळीकडे वाटला जातो. ती नसेल तर कॅप फक्त आत भरलेल्या सिमेंटवर बसते. दाताच्या मुळामध्ये खिळा (पोस्ट) बसवून दात मजबूत होतो हाही गैरसमज. खिळा फक्त वरचं भरण धरून ठेवतो, मुळाला बळ देत नाही. पट्टी उरली नसेल तर हिरडी आणि थोडं हाड उतरवून ती मिळवता येते, किंवा तारेने मूळ हळूहळू वर ओढता येतं. कधी कधी मात्र दात काढणंच शहाणपणाचं.

आणि कॅप फुकट मिळत नाही. तिला जागा करायला चावण्याच्या बाजूने दीड-दोन मिलिमीटरपर्यंत दात घासावा लागतो. इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, बनवणाऱ्या पेशी दात वर येतानाच संपतात, त्यामुळे घासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. म्हणून रूट कॅनाल झालेल्या, पण बाकी धडधाकट असलेल्या पुढच्या दाताला बहुतेकदा साधं भरण पुरतं. सरसकट कॅपचा आग्रह मला पटत नाही.

झिरकोनियाचं कौतुक मात्र रास्त आहे. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॉन गार्वी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या सिरॅमिकमध्ये चीर पडू लागली की तिच्या टोकाजवळचे स्फटिक आपली रचना बदलतात आणि आकाराने सुमारे ४ टक्के फुगतात. चीर तिथेच दाबली जाते. त्यामुळे झिरकोनियाची कॅप पातळ करता येते, दात कमी घासावा लागतो. पण वॉरंटी कार्ड असतं ते कॅपचं. कॅपला कीड लागत नाही. ती लागते कॅपची कड जिथे दाताला भिडते तिथे, हिरडीलगत. नुसत्या ब्रशने ती फट साफ होत नाही, फ्लॉस, म्हणजे दातांमध्ये फिरवायचा दोरा, हवाच.

कॅप बसवताना डॉक्टर निळा कागद चावायला देतात. कॅपवर उमटलेला गडद ठिपका म्हणजे तिथे ती उंच आहे, तेवढंच घासायचं. मूळ हाडात धरून ठेवणाऱ्या तंतूंतल्या संवेदना रूट कॅनालनंतरही शाबूत असतात, त्यामुळे केसापेक्षाही कमी जाडीचा उंचवटा आपल्याला जाणवतो. मात्र भूल दिलेली असेल तर त्या दिवशी तो नीट कळत नाही. दोन दिवसांनी चावताना कॅप आधी टेकतेय असं वाटलं, तर ‘होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नये. पुन्हा जावं आणि घासून घ्यावी. पाच मिनिटांचं काम असतं.