सुई पोचत नाही तिथे खाद्य

माशांच्या खाद्यात जीवनसत्त्वे घालायला सुरुवात झाली तेव्हा रोगप्रतिकाराचा विचार कुणाच्या मनात नव्हता. मासे जगावेत, नीट वाढावेत, एवढीच धडपड होती. बहुतेक माशांच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयारच होत नाही. खाद्यातून मिळाले नाही, तर कणा वाकतो, जखमा भरत नाहीत. १९८५ साली अमेरिकेत चॅनेल कॅटफिश या माशावर झालेल्या प्रयोगाने रोगप्रतिकाराचा विचार पुढे आणला. वाढीला लागते त्याहून कितीतरी अधिक ‘क’ जीवनसत्त्व खाल्लेले मासे जंतुसंसर्गात कमी दगावले.

त्याच सुमारास नॉर्वेतल्या सामन माशांच्या शेतीत साथींनी थैमान घातले होते. १९८७ मध्ये तिथे सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली, आणि मासळीचे उत्पादनही जेमतेम ५० हजार टन. टनामागे जवळपास किलोभर औषध! नव्वदीच्या दशकात तेलयुक्त, टोचायच्या लसी आल्या आणि हा वापर कोसळला. ते यश लसींचे, खाद्यात मिसळायच्या पूरकांचे नव्हे. पूरकांबद्दल बोलताना हे विसरू नये.

मात्र लस टोचायची तर मासा हातात धरता यायला हवा. मत्स्यजिऱ्यांना, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या इवल्याशा पिल्लांना, कोण टोचणार? त्या वयात लसीची आठवण ठेवणारी यंत्रणाही पुरती घडलेली नसते. थंड पाण्यात तर मोठ्या माशालासुद्धा प्रतिपिंडे (विशिष्ट जंतूला रोखणारी प्रथिने) तयार करायला कित्येक आठवडे लागतात. तोवर सारी भिस्त जन्मजात प्रतिकारशक्तीवर: जंतू गिळणाऱ्या पेशी, अंगावरचा बुळबुळीत थर, त्यातले जंतूंची भिंत फोडणारे लायसोझाइम.

या जन्मजात शक्तीलाच आधीपासून सावध ठेवता येईल का, या प्रश्नातून यीस्टच्या पेशीभित्तिकेतले बीटा-ग्लुकान हे शर्करायुक्त द्रव्य पुढे आले. यीस्ट ही बुरशीच. तिच्या भिंतीचा तुकडा भेटला, की माशाच्या पेशी शत्रू आल्यासारख्या कामाला लागतात. १९९० मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी ते सामनला टोचून पाहिले, तेव्हा व्हिब्रिओसारख्या जंतूंपुढे मासे अधिक टिकले. मग ते खाद्यातून देण्याचे प्रयोग वाढले. उपयुक्त जिवाणूंचे बीजाणू खाद्यात मिसळण्याचे काम जपानमध्ये त्याआधीच सुरू झाले होते. २००६ पासून युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर बंदी घातल्यावर या साऱ्याला जोर आला.

पण जास्त दिले म्हणजे जास्त फायदा, असे नाही. १९९३ मधल्या एका प्रयोगात जिवाणूंच्या भित्तिकेतले पेप्टिडोग्लायकन २८ दिवस खाल्लेले रेनबो ट्राउट रोगापुढे टिकले; ५६ दिवस खाल्लेल्यांत तो फायदा उरला नाही. म्हणून जाणते मत्स्यपालक असे खाद्य बारमाही देत नाहीत. बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) दुसरीकडे हलवण्याआधी किंवा पाण्याचे तापमान बदलण्याच्या तोंडावर काही आठवडेच देतात.